राघोबाची वरची कवळी

राघोबानं वरची कवळी उकळत्या पाण्यात टाकली, त्यात त्याचा हेतू वाईट नव्हता. चंद्रभागाबाई बरेच दिवस त्याच्याशी नाकाला पदर लावून बोलत होती. त्या दिवशी संध्याकाळी चुलीपुढं बसल्या बसल्या तिनं पदर काढला आणि सरळच सांगितलं.

"तुमच्या तोंडाला गोठ्यावानी वास यायलाय."

"गोठ्यात वावरतो तर गोठ्याचाच यील की. अत्तराचा यील व्हय?"

"गोठा रोज झाडून काडतो आपन. तुमचं तोंड कदी झाडलाव?"

कवळी बसवून दोन वर्षं झाली होती. बसवणाऱ्या हैदराबादच्या डॉक्टरनं रात्री काढून ठेवा, थंड पाण्यात ठेवा, मऊ ब्रशनं घासा, असं सगळं नीट समजावलं होतं आणि राघोबानंही मान हलवून ते सगळं तिथंच ठेवलं होतं. रात्री कवळी काढली आणि नेमकं कुणी दार वाजवलं तर? बोळक्या तोंडानं कडी काढायची? त्यापेक्षा कवळी तोंडातच बरी, असं त्यानं ठरवलं होतं. कधी फारच खराब वाटली तर चुलीतली राख घेऊन तो ती भांड्यासारखी घासून काढी.

पण बायकोनं गोठ्याचं नाव काढलं म्हटल्यावर काहीतरी करणं भाग होतं. राघोबाला आठवलं, पूर्वी जनावरांचा डॉक्टर गावात आला की आधी सुया उकळायला टाकायचा. उकळल्यावर जंतू मरतात, हे राघोबा त्याच्याकडूनच शिकला होता. त्यानं चुलीवरचं आधण बघितलं. मात्र माणूस अनुभवी. नवा बैल आधी एकटा जुंपून बघावा, तशी त्यानं आधी फक्त वरची कवळी पाण्यात सोडली आणि खालची तोंडात राहू दिली.

कवळी निघाली ती लख्ख. वास गेला, डाग गेले, आणि आकारही गेला. तव्यावर टाकलेल्या पापडासारखी ती एका बाजूनं वर आली होती. राघोबानं ती तोंडात बसवून पाहिली. उजवीकडून बसवली की डावीकडून उठे, डावीकडून दाबली की पुढून खाली येई.

"आता काय करायचं?" तो म्हणाला, म्हणजे म्हणायला गेला. मधेच कवळी जिभेवर आली.

"आता कुनास्नी सांगायचं ते सांगा, आन् गप बसा," चंद्रभागाबाई म्हणाली.

सांगणं हीच तर अडचण होती. राघोबाचे दात खोटे आहेत, हे चिंचोळगा गावात चंद्रभागाबाई सोडून कुणाला ठाऊक नव्हतं, निदान राघोबाचा तसा पक्का समज होता. दुसऱ्या कुणाची ही गोष्ट असती तर तीत लपवण्यासारखं काही नव्हतं. अर्ध्या गावाचे दात मिश्रीनं आणि तंबाखूनं खाल्ले होते. पण राघोबाचा धंदाच दातांचा होता.

चिंचोळगा आणि भोवतालच्या गावांत बैल घ्यायचा तर राघोबाला तोंड दाखवल्याशिवाय सौदा होत नसे. तोंड अर्थात बैलाचं. बैलाला पक्के दात जोडीजोडीनं येतात. दोन आले की तो दोन दाती, मग चार दाती, सहा दाती, आणि आठही आले की बैल जुळला. पुढं वय काढायचं तर दात किती झिजले, किती विरळ झाले ते पाहावं लागतं, आणि तिथं भल्याभल्यांची नजर चुकते. राघोबाची चुकत नसे. म्हाताऱ्या बैलाचे दात कानशीनं घासून, शिंगं काचेनं तासून, तेल लावून तरणा म्हणून विकणारे किती तरी हेडी, म्हणजे गुरांचे व्यापारी, त्यानं भर बाजारात उघडे पाडले होते. "मानूस तोंडानं खोटं बोलतो, जनावराचं तोंड खोटं बोलत न्हाई," हे त्याचं वाक्य बसवकल्याणच्या बाजारापर्यंत पोचलं होतं.

असा माणूस स्वतः तोंडात खोटे दात घेऊन कसा फिरणार? म्हणून दोन वर्षांपूर्वी तो डोळ्याच्या ऑपरेशनला म्हणून लेकीकडं हैदराबादला गेला, आणि काळा चष्मा व पांढरेशुभ्र दात घेऊन परत आला. शेजारच्या व्यंकटनं तेव्हा एकदाच विचारलं होतं, "अप्पा, डोळ्याचं आपरेशन केलं की तोंड बी उजळतं व्हय?" राघोबानं मिशीवर हात फिरवत सांगितलं होतं, "लिंबाच्या काडीचा गुन है ह्यो."

बोलून गेला आणि अडकला. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी ओट्यावर बसून, सगळ्यांना दिसेल असं, लिंबाची काडी चावणं त्याला भाग पडलं. दारातल्या कडुलिंबाची डहाळी मोडायची, त्यातली एक काडी घ्यायची आणि पाला ओट्याखाली उभ्या असलेल्या शेळीपुढं टाकायचा, हा दोन वर्षांचा नेम होता. काडी चावताना खालच्या कवळीखाली हिरडी ठणके, डोळ्यांत पाणी येई. ते पाणी आलं की राघोबा म्हणे, "काडी कडू है, पर गुनाची है." समोर बसलेली माणसं माना डोलवत. लग्नाकार्यात पंगत बसली की लोक आधी त्याच्या पानात मऊ भात वाढत, वर गरम वरण, गूळ घालून कुस्करलेली पोळी. कडक भाकरीची चवड त्याच्या पानापुढून तशीच पुढं जाई. "अप्पाला आदी वाडा," असं कुणीतरी ओरडे. राघोबाला ह्या मानाचं मनातून फार बरं वाटे.

ही सगळी झाकली मूठ आता उकळून वाकडी झाली होती, आणि ती पण आयत्या वेळेला. कारहुणवी, म्हणजे जेठ पुनवेचा बैलांचा सण, दोन दिवसांवर आली होती. वेशीत ताणलेली पानांची कर तोडायला गावातले सगळे बैल सजून निघणार, आणि शकुबाईचा बैल एकटा होता. त्याचा जोडीदार उन्हाळ्यात गेला. शकुबाई एकटी बाई, नवरा वारलेला, शेती स्वतः बघणारी. पेरणी तोंडावर आलेली. तिनं दुभती म्हैस विकून बैलासाठी पैसा उभा केला होता आणि शिवशंकरप्पा नावाच्या परगावच्या हेड्याचा एक बैल तिला पसंत पडला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी राघोबानं तोंड बघायचं आणि सौदा व्हायचा, असं ठरलं होतं.

"आजारी हाव म्हनून सांगतो," राघोबा म्हणाला.

"सांगा की. शकुबाई काढा घेऊन यील, व्यंकट डागदर घेऊन यील, आन् डागदर आधी म्हनंल, आ करा."

चंद्रभागाबाईचं म्हणणं बरोबर होतं. राघोबानं दुसरा उपाय काढला. त्याची आई फुटक्या रांजणाची चीर उडदाच्या पिठानं बुजवायची. रांजण धरतो तर टाळू का नाही धरणार? पहाटे उठून त्यानं उडदाचं पीठ चिकट मळलं, कवळीच्या आतून थापलं आणि कवळी जोरानं वर दाबली. बसली. त्यानं जीभ फिरवून पाहिली, हसून पाहिलं. चंद्रभागाबाईनं हात जोडले, ते देवाला की नवऱ्याला, हे तिनं सांगितलं नाही.

सकाळी तो ओट्यावर आला, डहाळी मोडली, शेळीला पाला टाकला आणि काडी दाढेखाली धरली. समोर व्यंकट आणि आणखी दोघं-तिघं नेहमीप्रमाणे बसले होते. तेवढ्यात बैल घेऊन शिवशंकरप्पा दारात आला. दुपारपर्यंत बैल राघोबाच्या लिंबाखाली बांधावा, म्हणजे सौद्याच्या वेळी कुणाला शंका नको, असा त्याचा विचार होता.

"शरणु शरणार्थी, अप्पा! कसं है, बरं है?"

"या या, शिवशंक..."

नावातला दुसरा 'श' कवळीला झेपला नाही. उडदाचं पीठ लाळेनं केव्हाच पातळ झालं होतं. कवळी सुटली आणि काडीसकट राघोबाच्या मांडीवर पडली. राघोबानं झटकन तिच्यावर खांद्यावरचा टॉवेल टाकला आणि आजूबाजूला पाहिलं. व्यंकट बैलाच्या शेपटीकडं निरखून बघत होता. बाकीचे आभाळाकडं बघत होते. पण शिवशंकरप्पा अगदी समोर उभा होता आणि त्याचे डोळे टॉवेलवर होते.

बैल बांधण्याच्या निमित्तानं तो ओट्याजवळ वाकला आणि हळूच म्हणाला, "अप्पा, दात सांबाळा."

राघोबानं तोंडावर हात धरला.

"म्या कायच बगितलं न्हाई," शिवशंकरप्पा आणखी हळू बोलला. "दुपारी तुमी बी लई बगू नका. बैल औंदाच जुळलाय, येवढंच म्हना. तुमचा मान तुमच्यापाशी, माजा बैल शकुबाईपाशी."

तो निघून गेला. राघोबा टॉवेल तसाच तोंडाला लावून घरात आला. पाऊण आयुष्य त्यानं दुसऱ्यांच्या खोट्या दातांवर बोट ठेवलं होतं, आणि आज एका हेड्यानं त्याच्या दातांवर बोट ठेवलं होतं.

"बसवकल्याणला जावा," चंद्रभागाबाई म्हणाली. "बसस्टँडाजवळ दाताची डागदरीन है. दुपारच्या आत नीट करून आना. नीट कवळी आसली की त्यो हेडी काय बी म्हनू द्या, कोन विश्वास ठेवंल?"

राघोबा मफलर बांधून निघाला. जेठातल्या उन्हात मफलर बांधलेला माणूस बघून कंडक्टरनं विचारलं, "अज्जा, थंडी वाजायली व्हय?" राघोबानं होकारार्थी मान हलवली. तोंड उघडण्यापेक्षा वेडा ठरलेलं परवडलं.

डॉक्टर विजयश्री वयानं त्याच्या नातीएवढी होती. तिनं कवळी हातात घेतली, फिरवून पाहिली, आणि विचारलं, "गरम पाण्यात टाकली होती का?"

राघोबा चकित झाला. कवळीचं नुसतं तोंड बघून तिनं सगळं ओळखलं होतं. आपल्याच जातकुळीचं माणूस आहे, असं त्याला वाटलं.

"उकळली," त्यानं कबूल केलं.

"अज्जा, ही काय बटाटा आहे का? ही वाकली ती आता सरळ होत नाही. नवीन माप घ्यायला लागेल. आ करा." तिनं दिव्याच्या उजेडात तोंड तपासलं आणि तिचा चेहरा बदलला. "टाळू लालेलाल झालाय. खाली हिरडीला जखमा आहेत. रात्री काढत नाही का?"

"न्हाई."

"दिवसभर बूट घालता, मग रात्री बूट घालून झोपता का? हिरड्यांनापण रात्री मोकळं ठेवायला लागतं. रात्री काढायची, वाटीत थंड पाणी घालून त्यात ठेवायची. वाळू द्यायची नाही. सकाळी मऊ ब्रश आणि साध्या साबणानं धुवायची. धुताना खाली पाण्यानं भरलेलं पातेलं ठेवायचं, म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. राख लावता का?"

"कधीमधी."

"राखेनं चरे पडतात, चऱ्यांत घाण बसते, वास तिथूनच येतो. आणि दात नसले तरी हिरड्या आणि जीभ रोज मऊ कापडानं पुसायची. तंबाखू बंद. वर्षातून एकदा येऊन दाखवायचं." मग तिनं खालची कवळी उजेडात धरली आणि ती थांबली. "हे काय? ह्या चिरेत काहीतरी हिरवं अडकलंय."

"लिंबाची काडी," राघोबा खालच्या आवाजात म्हणाला.

"खोट्या दातांना लिंबाची काडी?"

"रोज चावतो."

विजयश्रीनं कवळी खाली ठेवली. "अज्जा, ही काडी तुम्ही कुणासाठी चावता?"

राघोबानं थोडा विचार केला आणि खरं ते सांगितलं.

"गावासाठी."

तिनं नव्या कवळीचं माप घेतलं आणि वाकड्या कवळीला आतून मऊ अस्तर लावून दिलं. "आजचा दिवस कसाबसा निभेल. पण ओरडायचं नाही, हसायचं नाही, शिंकायचं नाही."

"बोलू तर का?"

"हळू. आणि थोडं."

परतीच्या बसमध्ये राघोबा खिडकीशी बसला. कवळी बसली होती. आता शिवशंकरप्पानं कितीही बोंब मारली तरी उपयोग नव्हता. राघोबा नुसता हसून दात दाखवणार, की विषय संपला. पण हसायचं तर नव्हतं. आणि समजा त्या हेड्यानं म्हटलं, एवढे खरे आहेत तर ओढून दाखवा, मग? त्यापेक्षा 'औंदाच जुळलाय' म्हणून टाकणं सोपं. दोन शब्दांचं काम. बैल कदाचित खरंच औंदा जुळलेला असेल. राघोबानं अजून तोंड कुठं बघितलं होतं? बस गावाच्या फाट्याला लागेपर्यंत त्यानं हा विचार पुन्हा पुन्हा केला आणि त्याला एकदाही तो पटला नाही. खरा बैल विकणारा माणूस सकाळी सकाळी दुसऱ्याच्या टॉवेलकडं बघत नाही.

दुपारी लिंबाखाली माणसं जमली. शकुबाई आली ती नवा गोंडा आणि घुंगरांची माळ घेऊनच. कारहुणवीची खरेदी तिनं सौद्याच्या आधीच उरकली होती, इतका तिचा बैलावर जीव जडला होता. बैल दिसायला देखणा होता, त्यात वाद नाही. पाठ गुळगुळीत, शिंगं चकचकीत. राघोबानं आधी शिंगांवर हात फिरवला. हाताला तेल लागलं. वयाच्या वळ्या जिथं असायला हव्या होत्या, तिथं काच फिरवलेली होती.

मग त्यानं बैलाचं नाक धरलं, ओठ खाली ओढला आणि बघितलं. बघायला फार वेळ लागला नाही. दातांच्या मुळाशी फटी पडल्या होत्या, आणि वरून मात्र सगळ्यांना कानशीनं सारखी धार लावलेली. बैल जुळला होता खरा, पण तो जुळला तेव्हा शकुबाईचा नवरा जिवंत होता. दोन मृग हा बैल कसाबसा ओढेल आणि तिसऱ्याला नांगराच्या तासात बसेल, हे राघोबाला स्पष्ट दिसलं.

"सांगा, अप्पा," शिवशंकरप्पा म्हणाला. त्यानं खिशातून रुमाल काढला आणि सावकाश स्वतःच्या तोंडावर धरला. "तुमचा शबुद त्यो शेवटचा."

सगळे राघोबाकडं बघत होते. शकुबाई पण बघत होती. तिच्या हातातली घुंगरं मधूनच वाजत होती. राघोबाला वाटलं, आत्ता शिंक आली तर बरं होईल. जे व्हायचं ते आपोआप होऊन जाईल. पण शिंक काही आली नाही.

"बैल औंदा..." त्यानं सुरुवात केली.

"व्हय, औंदा," शिवशंकरप्पानं मदत केली.

राघोबानं बैलाचा ओठ सोडला. मग दोन बोटं स्वतःच्या तोंडात घातली आणि वरची कवळी ओढली. अस्तर चांगलं चिकटलं होतं. पुन्हा ओढली तेव्हा ती बूच निघाल्यासारखा आवाज करून बाहेर आली. त्यानं ती तळहातावर घेऊन सगळ्यांसमोर धरली. वरचा ओठ आत गेल्यानं मिशी एकदम खाली आली होती आणि शब्द निम्मे वाऱ्यावर जात होते. पण जे कळायचं ते सगळ्यांना कळलं.

"ह्ये बगा. ह्ये माजे दात. हैदराबादचे. खोटे हैत. आन् ह्या बैलाचे बी घासलेले हैत. बैल म्हातारा है, शकुबाई. घिऊ नगं."

ह्याच क्षणाची शिवशंकरप्पा सकाळपासून वाट बघत होता. तो पुढं आला आणि हात वर करून म्हणाला, "बगितलाव? ज्येच्या सवताच्या तोंडात खोट, त्येचं आयकून सौदा मोडायलाव तुमी! दोन वर्सं सगळ्या गावाला फसवायलाय ह्यो मानूस!"

तो थांबला. आता गलका होईल म्हणून थांबला. गलका काही झाला नाही. व्यंकटनं जांभई दिली.

"अण्णा, ते ठाऊक है आमास्नी," व्यंकट म्हणाला. "बैलाचं सांगा. कानस कंदी फिरवलाव?"

"ठाऊक है म्हंजे?" हा प्रश्न शिवशंकरप्पाचा नव्हता. राघोबाचा होता.

"म्हंजे ठाऊक है, अप्पा. तुमी हैदराबादहून आलाव त्या दिशीच. बोलताना टकटक वाजायलं होतं की."

"तर तवा डोळ्याचं कामून विचारलास?"

"तुमी डोळ्याचं म्हनून गेलता, मी डोळ्याचं इचारलो."

राघोबानं दुसऱ्यांकडं पाहिलं. दुसऱ्यांनी आभाळाकडं पाहिलं. सकाळी ते आभाळाकडंच का बघत होते आणि व्यंकटला बैलाच्या शेपटीत एवढं काय दिसत होतं, हे आत्ता त्याच्या ध्यानात आलं. मऊ भात ध्यानात आला. कुस्करलेली पोळी आली. पंगतीत पानापुढून निघून जाणारी कडक भाकरी आली. दोन वर्षं ज्याला तो मान समजत होता, ती गावानं त्याच्या हिरड्यांची घेतलेली काळजी होती.

गुपित फुटल्याचं त्याला जेवढं वाईट वाटलं नाही, तेवढं ते गुपितच नव्हतं ह्याचं वाटलं.

"शकुबाई, तुला बी ठाऊक होतं?"

"व्हय की, अप्पा."

"मंग तोंड खोटं आसलेल्या मानसाला बैलाचं तोंड बगायला कामून बलावलीस?"

शकुबाईला प्रश्नच कळला नाही. "बैल तुमी डोळ्यानं बगतावं, अप्पा. दातानं बगतावं व्हय?" ती म्हणाली आणि तिनं गोंडा पदरात गुंडाळला. "आन् बैलाला तरी वरचे दात कुटं आसतात? त्येच्यावाचून त्येचं काय आडतंय?"

ही गोष्ट खरी होती. बैलाला पुढचे वरचे दात नसतात, हे राघोबाइतकं त्या मुलखात कुणाला ठाऊक असणार? पण ते आपल्याला लागू करून बघायचं त्याला कधी सुचलं नव्हतं.

शिवशंकरप्पानं दावं सोडलं. जे गुपित सगळ्यांना आधीच ठाऊक आहे ते आपल्यापाशी घेऊन तो सकाळपासून फिरत होता, आणि त्याच्या भरवशावर बैल विकायला निघाला होता. परगावचा माणूस, त्याला कोण सांगणार? जाताना तो फक्त एवढंच म्हणाला, "आधी सांगायचं की, अप्पा." आणि त्यात त्याचंही काही अगदीच चुकलं नव्हतं. कारहुणवीला राघोबानं आपला एक बैल शकुबाईच्या बैलाशेजारी उभा केला आणि पुढच्या बाजाराला तिच्याबरोबर जायचं कबूल केलं.

सौदा मोडला त्या संध्याकाळी राघोबा चुलीपाशी बसला होता. चंद्रभागाबाईनं स्टीलची वाटी थंड पाण्यानं भरून त्याच्यापुढं सरकवली. त्यानं दोन्ही कवळ्या काढल्या आणि वाटीत सोडल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या हिरड्यांना वारा लागला. त्याला बरं वाटलं, पण ते त्यानं कबूल केलं नाही.

"तुला ठाऊक होतं व्हय, समद्यास्नी ठाऊक है म्हनून?"

"बायकांत ठाऊक आसतंय सगळं."

"मंग म्या दोन वर्सं लिंबाच्या काड्या कामून चावलो?"

चंद्रभागाबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "शेळीला पाला मिळत होता की," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राघोबा ओट्यावर आला तो बोळक्या तोंडानं. हातात पातेलं, मऊ ब्रश आणि साबणाची वडी. समोर व्यंकट आणि मंडळी नेहमीप्रमाणे बसली होती. राघोबानं पातेल्यात पाणी ओतलं, त्यावर कवळी धरली आणि सगळ्यांच्या देखत ती सावकाश घासायला लागला. आज कुणी आभाळाकडं बघितलं नाही. उलट व्यंकटच म्हणाला, "अप्पा, माज्या बा ची बी हैदराबादचीच है. त्यो गरम पान्यात धुतो. चालतंय का?"

"आजाबात न्हाई," राघोबा म्हणाला, आणि जवळ बसायला जागा करून दिली.

तो सांगायला लागला तेवढ्यात कुणीतरी त्याचं धोतर ओढलं. ओट्याखाली शेळी नेहमीच्या जागी, नेहमीच्या वेळेला येऊन उभी होती. अख्ख्या चिंचोळग्यात राघोबाच्या दातांची गोष्ट ठाऊक नसलेली आता ती एकटीच उरली होती. राघोबानं तिच्याकडं पाहिलं, ब्रश खाली ठेवला, आणि उठून लिंबाची डहाळी मोडली.